ख्याल ऐकणाऱ्याची हाय-फाय सिस्टीम: सव्वा वर्ष वापरल्यानंतर

सव्वा वर्ष झालं, रोज निदान तासभर तरी ऐकतोय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, नवीन वस्तू घरात आली की सगळंच गोड लागतं. तर सिस्टीम अशी आहे: अँप्लिफायर डेनॉन पीएमए-६००एनई, स्पीकर व्हार्फडेल डायमंड १२.१, रेकॉर्ड प्लेअर ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी१२०एक्सयूएसबी आणि सीडीसाठी घरात धूळ खात पडलेला जुना डीव्हीडी प्लेअर. वायरी, स्टँड सगळं धरून सव्वा लाखाच्या थोडं वर गेलं. भाव सारखे बदलतात म्हणून एकेकाचा आकडा देत नाही, पण तिन्हींचे साधारण सारखेच वाटे पडले असं समजा.

मी काय ऐकतो ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू वाचून कोणालाच काही उपयोग नाही. बहुतेक सगळं गाणं, म्हणजे गळ्याचं गाणं. ख्याल, नाट्यसंगीत, सकाळी आईचे अभंग. मल्लिकार्जुन मन्सूरअण्णा, किशोरीताई आमोणकर, कुमार गंधर्व, भीमसेनजी जोशी. आणि बाबांच्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्ड, त्यात अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व. सिनेमा आम्ही टीव्हीवर बघतो तसाच बघतो, पाच स्पीकर आणि धडाम धुडूम मला नको होतं. तुम्ही रॉक ऐकत असाल किंवा पार्टीला गाणी लावायची असतील तर ही सिस्टीम तुमच्यासाठी नाही, उगाच माझं ऐकून घेऊ नका.

लहानपणी घरात एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता, झाकणातच स्पीकर असलेला. त्याच्यावर ऐकलेलं गाणं डोक्यात इतकं घट्ट बसलंय की बरीच वर्षं वाटायचं खाँसाहेबांचा आवाज तसाच असणार, डब्यातून आल्यासारखा. मग काही वर्षं गाणं शिकलो, मिरजेचा तंबोरा घेतला (मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन पण मिळालं), आणि हातातला तंबोरा ऐकल्यावर मोबाईलच्या स्पीकरवरचा तंबोरा ऐकवेना. खरी सुरुवात तिथून झाली.

दुकानांचा अनुभव. पुण्यात आणि मुंबईत मिळून चार ठिकाणी गेलो, नावं कोणाचीच घेत नाही. पहिल्या दोन ठिकाणी एकच प्रकार, आत गेलं की सेल्समन आपणहून एक इंग्लिश गाणं लावतो, खाली ढम्म ढम्म, वर चर्र चर्र, आणि विचारतो कसं वाटतंय सर. अरे भारीच वाटणार ना, ते गाणं त्यासाठीच निवडलेलं असतं. मी पेनड्राइव्ह पुढे केला आणि म्हटलं याच्यातला विलंबित ख्याल लावा, तर एकाने दीड मिनिटात बंद केला, म्हणाला सर हे रेडिओवरपण असंच वाजणार, यासाठी एवढा खर्च कशाला करताय. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाईक कमी-जास्त पैशाचं असू शकतं, पण जे ऐकायला तो पैसे मोजणार आहे तेच दीड मिनिटात बंद करायचं म्हणजे काय. चौथ्या ठिकाणी मात्र एक काका होते, त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले बसा निवांत, हवं तेवढं ऐका. तिथे पावणेदोन तास बसलो. वस्तू तिथूनच घेतल्या, ऑनलाइन दोन-तीन हजार कमी पडत होते तरी.

आता ऐकायचं काय, तर माझ्या चार गोष्टी ठरलेल्या होत्या. पहिला तंबोरा. जवारी (घोडीवर दोरा ठेवून साधलेला झंकार) नीट लावलेली असली की तार छेडल्यावर आवाज सरळ येत नाही, तो उमलत जातो, आधी खर्ज (सगळ्यात खालचा सा), मग त्याच्यातून वरचे स्वर एकेक करून निघतात, कधी कधी गंधार स्पष्ट ऐकू येतो जो कोणी छेडलेलाच नसतो. स्पीकर बरा नसेल तर हे सगळं सपाट होऊन नुसती झुंई उरते. दुसरा डग्गा. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा घेतला की स्वर खालून वर सरकतो, ती सरकती रेघ दिसली पाहिजे, नुसता धब्ब आवाज नको. तिसरं म्हणजे शब्द आणि श्वास, बोलआलापात "ह" कुठे सुटला, तान घ्यायच्या आधी दम कुठे घेतला. आणि चौथी संगतीची सारंगी किंवा पेटी, ती गाणाऱ्याच्या मागे राहिली पाहिजे, अंगावर येता कामा नये.

काकांनी तीन जोड्या ऐकवल्या. एक होता उभा टॉवर स्पीकर, दिसायला राजेशाही, आणि पहिली पाच मिनिटं मला तोच आवडला. पण मग लक्षात आलं की तबलजीने डग्ग्याला हात लावला की सगळी खोली घुमते आणि भीमसेनजींचा खर्ज त्या घुमण्यात बुडतो. दुसरा फार स्वच्छ होता, इतका की किशोरीताईंचं स्वरमंडल कानात टोचायला लागलं, पंधरा मिनिटांनी कान दमले. तिसरा हा डायमंड १२.१. पहिल्या ऐकण्यात काहीच विशेष वाटला नाही. पण मन्सूरअण्णांचं गाणं लावलं, एक आवर्तन झालं, दुसरं झालं, आणि पंचवीस मिनिटांनी रेकॉर्डिंग संपलं तेव्हा कळलं की मी स्पीकर तपासायला बसलोय हेच विसरून गेलो होतो. तिथेच ठरलं.

थोडं आकड्यांचं बोलतो, कारण दुकानात आकड्यांनीच घाबरवतात. पुरुष गायकाची पट्टी साधारण काळी एक धरा, तिचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ वर. डायमंड १२.१ कंपनीच्या आकड्याप्रमाणे ६५ हर्ट्झपर्यंत उतरतो. म्हणजे माझ्या गाण्यात सगळ्यात खाली जे आहे ते याच्यात बसतं, त्याच्या खालचं माझ्याकडे वाजतच नाही, मग सबवूफर कशाला घेऊ. ज्यांना सिनेमातला स्फोट छातीत जाणवायला हवा त्यांना हा स्पीकर अपुरा पडेल, पाच इंची वूफर आहे शेवटी, त्याच्याकडून ती अपेक्षाच चुकीची.

वॅटचंही तेच. डेनॉनचा अँप ८ ओहमला ४५ वॅट देतो. गल्लीतल्या दुकानात हजार-हजार वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेले डबे मिळतात तेव्हा ४५ ऐकून लोक नाक मुरडतात. पण हा स्पीकर ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (थोड्या वॅटमध्ये किती मोठा वाजतो त्याचं माप) आहे, माझी खोली दहा बाय बारा, तिथे एक-दोन वॅटमध्येच आरामात बैठकीतल्या गाण्याएवढा आवाज होतो. नॉब मी कधी नऊ-दहा वाजताच्या काट्यापुढे नेलेलाच नाही. उरलेले वॅट तबल्याच्या अचानक आलेल्या थापेसाठी राखीव असतात, ती फाटली नाही म्हणजे झालं.

हा अँप घेण्याचं खरं कारण म्हणजे याच्यात फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर थेट जोडायची सोय आहे आणि बास, ट्रेबल, बॅलन्सचे खरेखुरे नॉब आहेत. बऱ्याच हाय-फाय मंडळींना टोन कंट्रोल म्हणजे पाप वाटतं. मला ते हवेच होते, ७८ च्या रेकॉर्डसाठी, त्याचं कारण खाली सांगतो. बाकी वेळी सोर्स डायरेक्टचं बटण दाबलं की नॉब बाजूला पडतात. ऑप्टिकल आणि कोअॅक्सिअल इनपुट आहेत, त्यामुळे डीव्हीडी प्लेअरमधून सीडी डिजिटलच बाहेर काढून अँपच्या डॅकने (डिजिटलचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागाने) वाजवतो, वेगळा सीडी प्लेअर घ्यायची गरज पडली नाही. ब्लूटूथ आहे, आई तिच्या मोबाईलवरून अभंग लावते, तिला एकदाच दाखवलं. वायफाय नाही, लॅपटॉप यूएसबीने थेट जोडता येत नाही, ज्यांचं सगळं ऐकणं स्ट्रीमिंगवर आहे त्यांनी हे बघून मगच घ्यावं.

आता घरी लावण्याची गोष्ट, आणि माझ्या मते अर्धी सिस्टीम इथेच होते. तीन वस्तू आणून टेबलावर मांडल्या आणि पहिल्या दिवशी जे ऐकू आलं ते दुकानातल्याच्या निम्मंही नव्हतं. खोलीला व्हिट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती, मधोमध उभं राहून टाळी वाजवली की टर्रर करून आवाज भिंतीभिंतींत खेळत राहायचा. तान घेतली की तिचे दाणे एकमेकांत मिसळून जायचे. मग सोलापूरची मोठी सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा, पुस्तकांचं कपाट डावीकडच्या भिंतीला आणलं आणि आजीने शिवलेली गोधडी पाठीमागच्या भिंतीवर टांगली. गोधडीने जो फरक पडला तो मी कुठल्याही महागड्या वायरने पडलेला ऐकलेला नाही. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर असतात हो त्याच्यात, आवाज शोषून घ्यायला आणखी काय पाहिजे. टाळी आता कोरडी वाजते.

स्टँडचं एक सांगतो जे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. मी गाणं खाली बसून ऐकतो, गादी टाकून, लोडाला टेकून. बाजारातले तयार स्टँड २४ इंचाचे, ते खुर्ची-सोफ्याच्या हिशोबाने केलेले असतात. ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या पातळीला हवा असं सगळे सांगतात, पण कोणाचा कान? टेप घेऊन मोजलं तर गादीवर टेकून बसल्यावर माझा कान जमिनीपासून २८ इंचावर. २४ इंची स्टँडवर ट्विटर थेट डोक्यावरून जात होता. शेवटी सुताराकडून १८ इंची स्टँड करून घेतले, आत वाळू भरली म्हणजे हलत नाहीत, वर रबराचे तुकडे. स्पीकर एकमेकांपासून सहा फूट अंतरावर, मी त्यांच्यापासून सहा-साडेसहा फुटांवर, थोडे आत वळवलेले. या स्पीकरचं हवेचं भोक मागच्या बाजूला आहे म्हणून भिंतीपासून दीड फूट पुढे आणले, आधी भिंतीला चिकटवून ठेवले होते तर डग्गा फुगत होता.

एवढं सगळं करूनही पहिला आठवडा काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. हिराबाईंची जुनी मोनो रेकॉर्डिंग लावली होती आणि आई दारात उभी राहून म्हणाली, अरे ही बाई गातेय कुठून, डावीकडून की उजवीकडून? मोनो रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखाच आवाज येतो, त्यामुळे तो बरोब्बर मधोमध, जिथे स्पीकर नाहीच तिथे उभा राहायला हवा. माझ्याकडे तो खोलीभर पसरला होता आणि डग्ग्याला दमच नव्हता. टॉर्च घेऊन मागे बघितलं तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलेली. म्हणजे एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता आणि खालचे स्वर एकमेकांना मारत होते. वायर बदलली, पुन्हा लावलं, आणि हिराबाई समोर येऊन बसल्या. दुसरा शब्दच नाही त्याला. तेव्हापासून कोणाकडे सिस्टीम ऐकायला गेलो की आधी मोनोच लावायला सांगतो, गायक मधे आला की बाकीचं बघू.

वायर म्हणाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून साधी १४ गेज तांब्याची स्पीकर वायर मीटरवर घेतली, केळ्याच्या पिना म्हणजे बनाना प्लग लावले, झालं. तीन मीटरसाठी याहून जास्त खर्च करायची मला तरी गरज वाटली नाही.

रेकॉर्ड प्लेअरवर मात्र सविस्तर लिहायला हवं. हाच का घेतला, तर याला ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग आहेत. आजकाल मिळणाऱ्या बऱ्याच चांगल्या टर्नटेबलना ७८ नसतोच, घेण्याआधी नीट बघा, माझे एक स्नेही इथे फसले. याच्यासोबत जी सुई येते ती एलपीची, म्हणजे ३३ वेगाच्या मोठ्या रेकॉर्डची. ७८ च्या रेकॉर्डची खाच एलपीपेक्षा साधारण तिप्पट रुंद, एलपीची सुई तिच्यात तळाशी घासत जाते, तिथे शंभर वर्षांचा कचरा, नुसती खरखर ऐकू येते आणि रेकॉर्डही बिघडते. याच कार्ट्रिजवर (सुई जिच्यात बसते त्या डबीवर) बसणारी ७८ ची वेगळी सुई मिळते, एटी-व्हीएमएन९५एसपी, ती ओढून काढायची आणि दुसरी सरकवायची, अर्ध्या मिनिटाचं काम, फक्त सुईचा दाब पुन्हा लावावा लागतो. ही सुई येईपर्यंत मी ट्रंक उघडली नाही.

दुसरं म्हणजे पिचची सरकपट्टी, वेग थोडा कमी-जास्त करायची. डीजे लोकांसाठी असते ती, पण माझ्यासारख्याला तिचं मोल फार आहे. रेकॉर्डवर ७८ लिहिलेलं असलं तरी त्या काळी प्रत्येक रेकॉर्डिंग बरोब्बर त्याच वेगाने झालंय असं नसायचं. वाजवताना वेग थोडा जास्त झाला की गाण्याची पट्टी चढते, खाँसाहेब आधीच उंच पट्टीत गायचे, त्यात आणखी वर गेले की आवाज चिरका होतो आणि लोक म्हणतात जुनं गाणं असंच असतं. नसतं हो असंच. वेग पक्का धरून ठेवणारं क्वार्ट्झचं बटण बंद करायचं, सरकपट्टी हळूहळू खाली घ्यायची आणि पेटीवरच्या जवळच्या सुराला गाण्याचा षड्ज मिळवायचा. मिळाला की आवाजाला एकदम अंग येतं, माणूस गातोय असं वाटायला लागतं. मी प्रत्येक रेकॉर्डच्या पाकिटात चिठ्ठी ठेवलीय, कुठली रेकॉर्ड किती खाली घ्यायची त्याची. अर्थात खरी पट्टी कुठली होती हे ठरवणं हा कानाचा आणि अंदाजाचा भाग आहे.

आणि टोन कंट्रोलचं जे म्हटलं ते इथे येतं. फोनो इनपुट १९५० च्या दशकात ठरलेल्या आरआयएए नावाच्या मापाप्रमाणे आवाज सरळ करतो, एलपी त्याच मापाने कापलेल्या असतात. ७८ च्या जुन्या रेकॉर्ड त्याच्या आधीच्या, त्यांची मापं वेगळी, त्यामुळे वरचे स्वर गरजेपेक्षा दबतात आणि खाली गाळ होतो. ट्रेबल थोडा वर, बास थोडा खाली. बालगंधर्वांच्या रेकॉर्डवर हे केलं आणि ऑर्गनच्या मागून सारंगी अलगद बाहेर आली, मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं तिथे सारंगी आहे. त्यांच्या नाटकांत तबल्याला अहमदजान थिरकवा असायचे, हे पुस्तकात वाचलेलं, पण त्या काळचं गाणं असं उलगडून ऐकल्यावर ते किती थोर दिवस असतील याची कल्पना येते.

जोडणीत दोन गोष्टी सांभाळा. प्लेअरच्या मागे फोनो आणि लाइन असा खटका आहे, अँपच्या फोनो इनपुटला जोडत असाल तर खटका फोनोवरच हवा, नाहीतर आवाज दोनदा वाढून फाटतो. आणि अर्थची बारीक वायर अँपच्या स्क्रूला नक्की जोडा, नाहीतर घूंss असा आवाज गाण्याखाली सतत राहतो. माझ्याकडे वायर जोडूनही तो पूर्ण जाईना, तर निघालं असं की आमच्या जुन्या बिल्डिंगच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियनने तासाभरात केलं. तंबोरा ऐकायचा असेल तर ही घूं पूर्ण गेलीच पाहिजे, कारण तंबोरासुद्धा गाण्याखालीच वाजत असतो. प्लेअर पूर्ण हाताने चालवायचा आहे, बाजू संपली की दांडी आपण उठून उचलायची, ज्यांना ऐकता ऐकता झोप लागते त्यांनी विचार करावा.

रेकॉर्डना पावसाळ्यात बुरशी येते, पुण्यातसुद्धा, कोकणात तर विचारूच नका. एलपी मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने गोल पुसतो. ७८ च्या रेकॉर्ड लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका, लाख विरघळते, रेकॉर्ड कायमची गेली. नवीन-जुन्या रेकॉर्ड हव्या असतील तर रविवारी नाहीतर बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, पण उजेडात तिरकी धरून बघा आणि मधलं भोक बघा, ते वाकडं मोठं झालेलं असेल तर रेकॉर्ड डुगडुगत फिरते आणि लांबवलेला षड्ज लाटेसारखा खालीवर होतो. त्याला कुठलाही अँप, कुठलाही स्पीकर काही करू शकत नाही.

पुढचं काम म्हणजे छत, तिथून अजून थोडा आवाज परततो. आणि ट्रंकेतल्या एकोणीस रेकॉर्डपैकी अकरा झाल्यात, रविवारी एक काढतो, धुतो, वाळवतो, संध्याकाळी वाजवतो. या रविवारी हिराबाईंची दुसरी.